शून्याखालचा ठिपका

विश्व प्रसरण पावतंय याचा पुरावा शिकवायचा, तर आमच्या कॉलेजात आधी सीनियर मुलांच्या जर्नलांशी भांडावं लागतं. पहिल्या वर्षाची मुलं मोजत नाहीत, त्या जर्नलांतून उतरवतात. उत्तर आधीच माहीत असतं, मग रीडिंग्ज त्याच्या मापानं शिवून घ्यायची. मला या प्रकाराची चीड आहे.

म्हणून यंदा दीर्घिकांच्या प्रकाशाचे पट्टे वाटताना, नाव न लिहिता, मी त्यात देवयानी या दीर्घिकेचा पट्टा घातला. लांबच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जातात, त्यांच्या रेषा तांबड्याकडे सरकलेल्या असतात. देवयानी शेजारीण. गुरुत्वाकर्षणामुळे ती आपल्याकडेच येते आहे आणि तिच्या रेषा निळ्याकडे सरकतात. दूर जाण्याच्या वेगाच्या आलेखावर तिचा ठिपका शून्याखाली यायलाच हवा.

अख्ख्या वर्गानं तिला दूर पळवलं. होसकोट्याहून बसनं येणाऱ्या एका मुलीनं मात्र ठिपका खाली काढला. खरंच मोजणारी कुणीतरी निघाली म्हणून मी खूश झाले.

प्रत्येक जर्नलवर शेवटची सही विभागप्रमुखांची. तिच्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही. ते बेळगावकडचे, माझ्याशी मराठीत बोलतात आणि ते उपकार केल्यासारखं बोलतात. त्यांनी त्या ठिपक्यावर लाल फुली मारून आलेख परत काढायला सांगितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी केबिनमध्ये जाऊन देवयानीचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग तपासणी समिती येणार आहे, सगळे आलेख सारखे दिसायला हवेत, असं सुनावलं.

"इतक्या खोलात कशाला शिरता, अक्का? स्वल्प अ‍ॅडजस्ट करायला सांगा, पोरगी सुटेल."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी तिला निरोप धाडला, ठिपका हलवू नकोस, मी बघते.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आमची पुन्हा जुंपलेली असताना ती जर्नल घेऊन आली. ठिपका शून्याच्या रेषेच्या वर, नीटनेटका. खालचा कागद खोडून खोडून खरबरीत झालेला. बरोबर मोजलं होतंस, मग खोडलंस का, असं मी त्यांच्यादेखत खडसावून विचारलं. ती ओशाळली नाही. हळू आवाजात हिंदीत म्हणाली, "मॅडम, सही तुम्ही करता का?"

प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. मला त्यांच्याइतकाच तिचाही राग आला.

त्यांनी सही केली. आता आमच्या कॉलेजात देवयानीसुद्धा दूर जाते.