रजईत गुंडाळलेलं भांडं

पूल ओलांडला तोवर अर्धी वाट सरली होती आणि आम्ही दोघी हसत होतो. कपडे शिवायच्या कारखान्यातून रोज बरोबरच चालत यायचो. ती काज-बटणाला, मी इस्त्रीला. तिला सगळ्या रजईवाली म्हणायच्या. गॅस वाचावा म्हणून ती सकाळी डाळीला एक उकळी आणायची, भांडं जुन्या रजईत गच्च गुंडाळून खोक्यात ठेवायची आणि कामाला यायची. संध्याकाळपर्यंत डाळ आपली आपण शिजायची.

"तुझ्या डाळीला थंडी वाजते का गं?" बायका चिडवायच्या.

"वाजते ना! तुम्ही नवऱ्यांनाही कुडकुडत ठेवता, मी डाळीलासुद्धा ठेवत नाही."

तिचा नवरा ट्रकवर, बरेच दिवस बाहेर. घरात सासू आणि दोन मुली. पण त्या घरात कुणी अर्धपोटी निजलं नाही. शिळा पाव कांद्यावर परतून, कोबीची बाहेरची पानं बारीक चिरून, बटाट्याच्या सालींचंसुद्धा ती काहीतरी चवीचं करायची. देवानं हिच्या हाताला बरकत दिलीय, असं मी मनापासून म्हणायचे.

"आज काय गुंडाळलंयस?" मी सहज विचारलं.

"राजमा. वाण्यानं पोत्याच्या तळाचा स्वस्तात दिला. रात्री भिजवला, सकाळी एक उकळी, की रजईत."

माझे पाय थांबले. "एकच उकळी? अगं, राजमा चांगला खळखळून शिजवावा लागतो. नाहीतर बाधतो. माझ्या भावजयीकडे तेच झालं होतं. घरभर उलट्या, सलाईन लावावं लागलं."

"पण मऊ होतो की, ताई."

"मऊ होऊनही बाधतो."

ती हसायचं म्हणून हसली. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. "दिवे लागले की सासूबाई पोरींना वाढतात."

रस्त्यावरचे दिवे केव्हाच लागले होते. फोन घरात एकच, तोही नवऱ्याबरोबर ट्रकवर. ती पळायलाच लागली. मी धापा टाकत मागे. नामस्मरण करायला गेले तर जिभेवर शब्द येईनात. पुढून तिचं एकच चाललेलं, "धाकटी रस्सा टाकते हो. दाणे तेवढे वेचून खाते. दाणेच खाते ती."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आलीस? काय गं झालाय आज राजमा! पोरींनी भांडं पुसून खाल्लं. मला मेलीला चाखायलाही ठेवला नाही."

थोरली आत भांडी घासत गाणं म्हणत होती. धाकटी भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कपाळावर घाम.

"आई, पोटात कसंतरी होतंय."

मला वाटलं ही धावत जाऊन तिला कवटाळेल. ती जागची हललीच नाही. मग एकदम थोरलीला हाक मारली, सासूला म्हणाली, "चपला घाला, दवाखान्यात जायचंय." सासूबाई "काय झालं? काय झालं?" करत राहिल्या. ती माझ्याकडे वळली.

"ताई, धाकटीला तुम्ही उचलून घ्या. माझे हात थरथरतायत. पाडेन मी तिला."