काटा काय म्हणतो?

कारेलीबागेत आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. नंदेसरीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर मीटर दुरुस्त केले आणि तिथल्या यंत्रांच्या धडधडीत कान गमावले. ओठांकडे बघून ते समोरच्याचं बोलणं ओळखतात, स्वतः मोठ्याने बोलतात, आणि काहीही सांगा, विचारतात, "काटा काय म्हणतो?" काकूंनी पाठ दुखते म्हटलं तरी हेच.

त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गिटार नेली ती नाइलाजाने. व्हिडिओ बघून मीच तिला नवा स्विच लावला होता. तारांचा आवाज पकडणारे तिचे दोन्ही पिकअप एकेकटे छान वाजत. एकत्र लावले की आवाज पत्र्यासारखा पातळ. महिनाभर कान लावून मी थकले होते.

काकांनी वाजवायला सांगितलंच नाही. जुना काट्याचा मीटर जोडला, एका पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचलला. काटा उजवीकडे उडाला. दुसऱ्यावर तेच केलं, तर डावीकडे.

"बघ बेटा, सीधी वात छे, सरळ गोष्ट आहे. दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतायत. एकाच्या वायरी उलट्या जोडल्यास तू."

त्यांनी वायरी सुलट्या केल्या, अँप्लिफायरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हं, वाजव."

मी दोन्ही पिकअप लावून तारा छेडल्या. खोली भरून गेली. काकांचा हात जाळीवरून हलेना.

"काका, काटा काय म्हणतो?" मी त्यांच्यासमोर वाकून विचारलं.

त्यांनी मीटरकडे पाहिलंही नाही. "थांबू नकोस," म्हणाले आणि दुसराही हात जाळीवर ठेवला.