नाव शेवटी सांगायचं

"काका, आई गेली," संदीपनं फोनवर एवढंच सांगितलं. मी बहादरपुरात, माझ्या केळीच्या बागेत उभा होतो. त्याच्या मागून गार्गीचा, त्याच्या सात वर्षांच्या मुलीचा आवाज आला; मला ती आजोबा म्हणते: "आजोबांना विचारा ना, गांडुळांना पाला कोण टाकणार?" त्या घरात त्या वेळी विचारण्याजोगा प्रश्न तोच होता... निदान वहिनींना तसंच वाटलं असतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. गार्गी शाळेत रडून रडून आजारी पडायला लागली, तेव्हा सुनेनं, मनीषानं, तिला घरीच शिकवायचं ठरवलं आणि वहिनींनी सिंधीपुऱ्यातल्या घराची मागची खोली ताब्यात घेतली. लोणच्याच्या बरणीत बेडकाची पिल्लं, फुटक्या माठात गांडुळं, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, तीही मुख्यतः अळ्यांसाठी. फोडणीला पानं हवी असली तर बाजारातून आणायची. नियम एकच: आधी बघायचं, मग चित्र काढायचं, नाव शेवटी. "नाव कळलं की माणूस बघायचं सोडतो, भाऊजी," त्या म्हणत. शेजारी विचारत, "परीक्षा कब होगी इसकी?" वहिनींचं उत्तर ठरलेलं: "सध्या अळीची चालू आहे. कोष झाला की पास."

एका सत्यनारायणाला मी चौरंगाला बांधायचे केळीचे खांब सकाळीच त्यांच्या अंगणात टाकून गेलो. सांगितलं काहीच नाही. वहिनींनी नुकतंच माझ्याकडे गार्गीच्या अभ्यासासाठी केळीचं खोड मागितलं होतं. पूजेचे खांब बाजारातून येणार, अशी त्यांची समजूत. संध्याकाळी पोचलो तर चौरंगाचं पांढरंशुभ्र कापड जमिनीवर अंथरलेलं आणि त्यावर खांबांच्या चकत्या. पूजा सांगायला आलेले महाराज दारातच थबकले.

"बाई, देवाला कोशिंबीर करताय का?"

"इकडे या महाराज. जन्मभर बांधलेत खांब, आत कधी पाहिलंत?"

महाराज भिंग घेऊन बसले ते उठेचनात. आतली जाळी बघून म्हणाले, "हे खोडच नाही म्हणता?"

"पानांचे देठ आहेत, एकात एक गुंडाळलेले. खरं खोड खाली, मातीत."

पूजा उशिरा झाली, चौरंगाला नुसती पानं बांधून. कापडावर केळीचा चीक काळा पडला तो कायमचा. वहिनींनी ते मागच्या खोलीत नेलं.

शोकसभेत समाजाचे अध्यक्ष बरंच बोलले. त्यात वहिनीही अधूनमधून येत होत्या. "केळ एकदा फळते आणि संपते, तसं हे जीवन!" टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या. मग म्हणाले, आता ती खोली साफ करून मुलीला शाळेत घालणं, हीच खरी श्रद्धांजली. संदीपनं मान खाली घातली. मी सभेत बोलणारा माणूस नाही, पण उठलो. "अध्यक्षसाहेब, केळ संपत नाही. कंद जमिनीखाली असतो, त्याला बाजूनं नवी पिलं फुटतात. बागेत या, कुदळ मी देतो."

बायकांमधून मनीषा म्हणाली, "आणि गार्गी घरीच शिकेल. मी शिकवीन. काका येतील."

काकांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संदीप बरण्या भरायला पोती घेऊन आला. मनीषानं दारातूनच त्याला त्याच पोत्यांतून गांडुळांसाठी पाला आणायला पिटाळलं. दोन्ही पोती भरून आणली त्यानं.

परवा मी गेलो. खोली तशीच आहे. गार्गीनं ते काळ्या डागांचं कापड अंथरलं, त्यावर कढीपत्त्याचं पान ठेवलं. पानावर पाखराच्या शिटेसारखं काहीतरी होतं... आणि ते हललं.

"अरे, ही तर..."

"आजोबा, नाव नका सांगू!"

मी चष्मा पुसला आणि खाली वाकलो.