धडधाकटाला काठी

“धडधाकट माणसाच्या हातात काठी कशाला देता, अक्का?”

हे ऐकून नवीन गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं, की मी म्हाताऱ्यांना काठ्याच विकते. मी विकते रेडिओ-अँप्लिफायरचे सुटे भाग. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांचं दुकान आहे, ते गेल्यापासून मी चालवते. आणि काठीचं विचारणारे सर धारवाडहून, मळमड्डीतून, बसने यायचे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरी अँप्लिफायर बांधायचे, म्हणजे बांधलेला उसवून पुन्हा बांधायचे.

आल्या आल्या काउंटरवर स्वतःचा रुमाल पसरायचे. माझ्या काउंटरच्या स्वच्छतेवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. रुमालावर मीटर, बॅटरी, चिमटे मांडून म्हणायचे, “हं, दाखवा तुमची स्थळं.”

आधी त्या काठीचं सांगते. अँप्लिफायरमध्ये अगदी शेवटी, स्पीकरला जोर देणारे मोठे ट्रान्झिस्टर असतात. बहुतेकांची जात आततायी. तापले की जास्त वीज ओढतात, ओढली की आणखी तापतात आणि शेवटी जळून मोकळे होतात. म्हणून प्रत्येकाच्या पायात आवरायला एक छोटा रेझिस्टर घालतात, सिमेंटचा, पांढरा ठोकळा. सरांची लाडकी जात निराळी होती. तिचं नाव लॅटरल मॉसफेट. हा गडी तापला की आपणहून वीज कमी घेतो. त्याच्या पायात रेझिस्टर घालणं हा सरांच्या लेखी त्याचा अपमान. त्या रेझिस्टरला ते काठी म्हणायचे.

यात एक गोम होती आणि तिथे आलं की सर जरा भरभर बोलायचे. चार मॉसफेट मिळून कामाला लावायचे तर चौघंही सारख्या स्वभावाचे लागतात. नाहीतर एकटाच ओझं वाहतो आणि बाकीचे बघत बसतात. आमच्या भावकीत हे मी रोज बघते. पायात काठी असली तर थोडं डावं-उजवं खपून जातं. काठी नको असेल तर जोडी तंतोतंत जुळवावी लागते. त्यासाठी तो रुमाल आणि तो मीटर. हे मॉसफेट आता बाजारात येत नाहीत, येतात ते बहुतेक नकली. सासऱ्यांनी जपलेला एक डबा तेवढा माझ्याकडे होता. सर त्यातला एकेक मोजायचे आणि नाक मुरडून बाजूला सारायचे.

“सर, एवढी स्थळं नाकारली की पोरगी घरातच राहते,” मी म्हणायची.

“राहू दे. भलत्या घरी पडण्यापेक्षा बरी.”

त्यांनी नाकारलेल्यांसाठी मी शेवटी बिस्किटाचा एक वेगळा डबा केला. टाकवत नव्हतं, आणि विकले असते तर सरांनी दुकानात पाय ठेवला नसता.

एकदा त्यांची आणि आमच्या मंडपवाल्याची गाठ पडली. हा लग्नात, वरातीत साउंड लावतो, दुरुस्तीही स्वतःच करतो. तो रेझिस्टर घ्यायला आला होता. सरांनी त्याला काठीवर व्याख्यान दिलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हौद्री सर, बरोबर. पण ऐन वरातीत एक पीस उडाला तर मी तुमची जोडी कुठं शोधत बसू? काठी असली की हाताला लागेल तो पीस चालतो.”

“मग तू वरातच वाजव,” सर कडाडले. “गाण्याच्या वाटेला जाऊ नकोस.”

मंडपवाला हसला आणि रेझिस्टरचं अख्खं पाकीट घेऊन गेला. सर त्यानंतर घटकाभर घाम पुसत बसले.

तुम्ही म्हणाल, एका अँप्लिफायरसाठी इतका आटापिटा कशाला. मलाही तसंच वाटायचं, मळमड्डीत त्यांच्या घरी जाईपर्यंत. त्यांच्या घरातल्या बाई गाणाऱ्या. धारवाडच्याच, कन्नड घरातल्या. सर उंच आणि तापट, बाई ठेंगण्या आणि शांत. पत्रिका जुळत नाही म्हणून दोन्ही घरांनी नाही म्हटलेलं, तरी यांनी लग्न केलं. पुढे बाईंच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला, उरली ती नुसती कुजबुज. पण शिकवणी सुटली नाही. स्वतःच्या जुन्या ध्वनिमुद्रिका सरांच्या अँप्लिफायरवर लावायच्या आणि समोरच्या मुलींना हाताने तान दाखवायची. एका मुलीने कौतुकाने छोटा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला. बाईंनी त्यावर स्वतःची एक ओळ ऐकली, “ही कोण बाई?” असं विचारलं आणि तो परत केला. हा किस्सा सरांनी माझ्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितला.

तो अँप्लिफायर म्हणजे बाईंचा गळा होता. हे असं तोंडाने बोलणं सरांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते मॉसफेट जुळवायचे.

“बघा अक्का, तापला की कसा आपणहून निवतो,” ते चहा घेताना मला समजावत होते.

“इतकी वर्षं त्याच्या संगतीत आहात,” बाई कुजबुजल्या. “काही शिकलात?”

शेवटचे आले ते दवाखान्यातून सुटल्यावर. निम्मे झाले होते. बसस्टँडपासून गल्लीपर्यंतही रिक्षा केलेली. रुमाल पसरला नाही, मीटर काढला नाही. इकडेतिकडे बघून म्हणाले, “त्या चार काठ्या द्या.”

मी अशी संधी सोडणारी नव्हे. “सर, धडधाकटाच्या हातात?”

“मला नकोत. एका अडाण्याला पाहिजेत.”

कागदात गुंडाळून घेतल्या आणि न मोजता निघाले. मी ते मंडपवाल्याला रंगवून सांगितलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. फोनवर ती कुजबुज समजायला कान घट्ट लावावा लागला. “अक्का, वाजत नाही.” एवढंच म्हणाल्या. मुली संध्याकाळी येणार होत्या.

मी बिस्किटाचा डबा उचलला आणि मंडपवाल्याला घेऊन मळमड्डी गाठली. त्याने झाकण उघडलं. चार मॉसफेट ओळीत, आणि प्रत्येकाच्या पायात एकेक पांढरा ठोकळा. सोल्डरचा डाग इतका नीट दिलेला, की हात कुणाचा ते विचारायला नको.

“दवाखान्यातून आल्यावर दोन दिवस हे उघडून बसले होते,” बाई म्हणाल्या. “मला म्हणाले, धूळ काढतोय.”

व्होल्टेज वाढून एक मॉसफेट गेला होता. मंडपवाल्याने डब्यातून त्या जातीचा हाताला लागेल तो उचलला. सरांनी कधीतरी नाक मुरडलेलाच. मी विचारलं, “जोडी नाही बघणार?”

“वरवर बघतो, फार बघायला नको. त्यासाठीच घातलेत ना सरांनी. जोडी जुळवायला सर लागतात, अक्का. काठी असली की मी पण चालतो.”

तो अडाणी कोण, ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघंच.

बाईंनी त्या ठोकळ्यांवरून बोट फिरवलं. “याला ते काठी म्हणायचे ना?” मी मान हलवली. त्या हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. मग मुली आल्या, बाईंनी बटण दाबलं आणि हात वर केला. त्यांचा तरणा आवाज खोलीभर झाला. काडीचाही फरक मला कळला नाही. सरांना कळला असता, आणि तरी त्यांनी काठ्या घातल्या होत्या.

परतताना बसमध्ये, रायापूर येईपर्यंत मला सरांचा राग राग आला. निदान मला तरी सांगायचं होतं. मी हसले नसते. खोटं कशाला बोलू, हसलेच असते. मग ते चिडून रुमालाची घडी घालून निघून गेले असते, आणि दोन दिवसांनी पुन्हा येऊन तोच रुमाल माझ्या काउंटरवर पसरला असता.