समासातला करकोचा

पप्पांच्या बायबलच्या समासात एकच जागा रिकामी राहिली होती. ती भरण्यासाठी आम्ही वाशीमला निघालो. सत्तरचे दशक निम्मे सरले होते आणि वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. पप्पा मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, मी नागपुरात प्राणिशास्त्राची अधिव्याख्याती. पवित्र शास्त्रात येणारा प्रत्येक पक्षी प्रत्यक्ष पाहायचा आणि त्या वचनाशेजारी पेन्सिलीने गावाचे नाव लिहायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. अट एकच, तीही नियमशास्त्रातली: गोष्ट शाबीत व्हायला दोन साक्षीदार हवेत. म्हणून प्रत्येक नोंदीखाली दोन नावे असत; आधी त्यांचे आणि आईचे, आई गेल्यावर त्यांचे आणि माझे.

चिमणी, होला, कावळा, हुदहुद, घुबड, गिधाड, सारे झाले होते. राहिला होता यिर्मया संदेष्ट्याचा करकोचा, ज्याला आपल्या येण्याजाण्याची वेळ कळते. नियमशास्त्राने खाण्यास निषिद्ध ठरवलेल्या या पक्ष्यालाच संदेष्ट्याने माणसांपेक्षा शहाणे ठरवावे, याचे पप्पांना फार अप्रूप होते. वऱ्हाडात बारमाही राहणारे करकोचे पुष्कळ. पण जो कुठे जातच नाही, तो वेळ कसली ओळखणार? आम्हाला हवा होता हिवाळ्यापुरता दूरदेशाहून येणारा पांढरा करकोचा. पप्पांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसऱ्याला पुढचा हिवाळा दिसेल, अशी हमी डॉक्टर देत नव्हते. अशात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वाशीमहून पत्र आले. आसेगावच्या तळ्याकडे मोठे पांढरे पक्षी उतरले आहेत, असे त्याने कळवले होते.

नागपूरहून अकोला, तिथून मीटरगेजने वाशीम. त्या गाडीची चाल इतकी संथ होती की तारेवरचा प्रत्येक पक्षी ओळखून होई. आज त्याच मार्गावरून वेगाने जाणाऱ्यांना वेळ वाचल्याचा आनंद होतो. काय गमावले ते त्यांना ठाऊकच नसते. पत्र लिहिणारा विद्यार्थी जैन, कापडाचा व्यापारी. दिवस मावळण्याआधी जेवणे आटोपली: भाकरी, तुरीचे वरण, वांग्याची झणझणीत भाजी. सकाळी तो कबुतरांना ज्वारी टाकत असताना पप्पा त्याला म्हणाले, शाळेत तू इतका नियमित कधीच नव्हतास. तो हसून म्हणाला, "कबुतरं छडी नाई मारत, गुरुजी."

वाशीमहून मंगरूळपीर आणि तिथून आसेगाव, असा एस.टी.चा प्रवास. दोघांचे भाडे दहाच्या नोटेत बसून वर चहाभज्यांपुरते उरत असे. भजी उत्तम होती. चहाविषयी मी लिहीत नाही. शेवटचे अंतर बैलबंडीतून, दोन्ही बाजूंना कापूस आणि निळसर हरभरा. तुम्ही जाणार असाल तर जानेवारीतच जा, सूर्य पाठीशी ठेवून बसा आणि भडक रंगाचे कपडे घालू नका. हे सांगावे लागते, कारण हल्ली लोक दुर्बिणीसाठी हजारो खर्च करतात आणि लाल टोपी घालून तळ्यावर उभे राहतात.

आम्ही बांधावर बसलो. पलीकडच्या वावरात गयाबाई नावाची एक बाई कापूस वेचत होती. तिने "जय भीम" केला, पप्पांनीही केला, आणि आम्ही कशासाठी आलो ते तिला सविस्तर सांगितले. मला ते अनावश्यक वाटले. समोर काळे शराटी पक्षी चरत होते. मी टिपणवहीत त्यांच्या चोचीचा बाक वर्णन करीत होते. पहिले वाक्य सैल उतरले, म्हणून खोडून पुन्हा लिहू लागले. तेवढ्यात पप्पांनी माझा खांदा धरला.

"वर बघ."

"एक मिनिट, ओळ पूर्ण करते."

मी मान वर केली तेव्हा आकाश रिकामे होते. बाभळींच्या रांगेमागे काहीतरी पांढरे उतरल्याचा भास तेवढा झाला. पांढरा, पप्पा म्हणाले, पंखांची मागची कड काळी, मान पुढे ताणलेली. मी चोचीचा रंग विचारला. शिंपले फोडणारा आपला बारमाही करकोचाही पांढराकाळाच असतो. त्याची चोच मळकट, पाहुण्याची लालभडक. तेवढे पप्पांच्या त्या एका डोळ्याला दिसले नव्हते.

"लाल होती ना चोच. पायबी लाल," वावरातून गयाबाई म्हणाली. "तुमी वयीत लिहून राह्यल्या होत्या, बाई. पाखरू काय तुमच्यासाठी थांबते?"

शिंपले फोडणारा नव्हता कशावरून, असे मी तिला परीक्षकाच्या सुरात विचारले.

"तो तं बारा मयने इथंच राह्यते. हा जवारी निसवली, कणसं आली का येते, अन् हरबरा कापणीले आला का जाते. माहा बाप याचं जाणं पाहूनच हरबऱ्याची सोंगणी धरे."

पप्पांच्या हातात पेन्सिल तयार होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"पप्पा, या बाईंना पक्ष्यांचा अभ्यास नाही. आणि मी पाहिलं नाही त्याखाली मी नाव घालणार नाही."

"घालूही नकोस," ते म्हणाले. "मीच तसं शिकवलंय." आणि पेन्सिल खिशात गेली.

"काहून?" गयाबाईने विचारले. "मी पाह्यलं ते पाह्यलं नाई का?"

शिस्तीप्रमाणे मी तिचे बोलणे शब्दशः टिपले, वर मथळा दिला: ऐकीव.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेपासून ऊन उतरेपर्यंत बसलो. करकोचा आला नाही. परतीच्या गाडीत पप्पा खिडकीशी बसून होते, पण बाहेर पाहत नव्हते. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळू लागले होते. त्यानंतर आम्ही कुठल्याच तळ्यावर गेलो नाही.

आता माझे वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे. गेल्या आठवड्यात या लेखासाठी जुनी टिपणवही काढली. शराटीच्या चोचीचे वाक्य खरोखर निर्दोष आहे. त्याखाली 'ऐकीव' आणि गयाबाईचे शब्द. चोच, पाय, येणे, जाणे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही कधी इतके नेमके वर्णन दिले नाही. आणि यिर्मयाने करकोच्याविषयी जे लिहिले, तेच ही बाई कापूस वेचता वेचता सांगत होती. मी ते ऐकले, लिहिले आणि मथळा चुकीचा दिला.

मग पप्पांचे बायबल उघडले. वचनाशेजारी त्यांच्या हस्ताक्षरात 'आसेगाव' होते, खाली त्यांचे नाव, आणि त्याखाली एक आखलेली रेघ, कोरी. नोंद त्यांनी कधी केली, मला कळले नव्हते. ती रेघ माझ्यासाठी आखली असावी, असे क्षणभर वाटले. पण मी काही पाहिलेच नव्हते.

मी पेन्सिलीला टोक केले. बोथट टोकाने लिहिलेले पप्पांना चालत नसे. आणि रेघेवर लिहिले: गयाबाई.