गळणारी शेवटची ओळ

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी वापरतो. ऑफिसात बातम्यांसाठी, घरी वडिलांच्या जुन्या लेखांसाठी. ते फुकट आहे आणि चांगलं आहे. फक्त प्रत्येक फाइलची शेवटची ओळ गाळतं. मी तक्रारीचा मेल पाठवला. त्याच दिवशी उत्तर आलं. बनवणारा नागपुरातलाच, लकडगंजात राहणारा निघाला, म्हणून भेटायला गेलो.

साठीचा माणूस. प्लायवूडच्या दुकानावर एक खोली. त्याने खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची दोनदा पुसली आणि चहा ठेवला. लोकांचे मेल त्याने छापून तारखेवार फाइलला लावले होते. माझाही होता.

दुरुस्तीला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. त्याने दुरुस्त केलेली प्रत तिथेच चालवून दाखवली. शेवटची ओळ आली.

"हे तर तयार आहे. मग सगळ्यांना काहून देत नाही, काका?"

"चांगलं चालून राहिलं तर कोणी लिहीत नाही, भाऊ," तो स्क्रीनकडे पाहत म्हणाला. "मागं सहा महिने काहीच बिघडलं नव्हतं. एक मेल नाही. मले वाटलं, नेटच बंद आहे."

निघताना त्याने दुरुस्त प्रत पेनड्राइव्हवर दिली. "तुमच्यापुरती ठेवा."

आता माझ्याकडे एकही ओळ गळत नाही. महिन्याभराने मी त्याला मेल लिहिला: शेवटची ओळ अजून गळते आहे, कृपया पाहावे.

उत्तर लगेच आलं. "पाहून राहिलो, भाऊ. आणखी काही बिघडलं असन तर कळवा."