कडावच्या पारायणातला चोर

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी तो चहा संपवा. ठसका लागला तर मला बोल नको! माझी अशी फजिती पुन्हा कधी झाली नाही, आणि झाली असती तर मी जगलो नसतो.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी कर्जतला शाळेत मास्तर होतो आणि रविवारी तिथल्या वाचनालयाचा कारभार बघायचो. कारभार म्हणजे काय, तर एक खोली, तीन कपाटं, आणि भिंतीवर माझ्या वळणदार अक्षरातली यादी: 'कुमार व कुमारींसाठी वाचनीय पुस्तके'. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांचं मोठं अवघड असतं हो. काऊचिऊच्या गोष्टी त्यांना पोरकट वाटतात, आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या घरचे हातात देत नाहीत. या अधल्यामधल्या मुलांची नस फक्त मला सापडली आहे, असा माझा ठाम समज होता.

आता तुम्ही विचाराल, यादीतली पुस्तकं मी वाचली होती का? छे! पहिलं पान वाचायचं, मध्ये कुठेतरी बोट घालून एक पान उघडायचं, की झाली शिफारस. चाळीस पुस्तकं होती, इतका वेळ कुणाला होता?

एका रविवारी जवळच्या कडाव गावचे धोंडूतात्या आले. भातशेती करणारा करारी माणूस. सोबत त्यांची लेक यमुना, चौदा वर्षांची. सातवी पास झालेली, पण घरात वाचायला काही नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ही पोर सरळ करून वाचायची.

"मास्तर, पोरगी लय मागं लागली म्हनून आनली," तात्या म्हणाले. "पुस्तक असं द्या का चारचौघांत वाचलं तरी मान खाली जाया नको. काय वंगाळ निघालं तर हिचं वाचन तितंच बंद. मग चूल हाय नि ती हाय."

यमुनेचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र ऐटीत एक जाडजूड पुस्तक काढलं. इनामदाराच्या घरातून रत्नांची पेटी चोरीला जाते, अशी काहीतरी गोष्ट होती.

"तात्या, बिनघोर न्या. मी स्वतः तीनदा वाचलंय!"

तीनदा! एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं की नाही?

मला वाटलं, पोर खिडकीशी बसून गुपचूप वाचेल. पण तात्यांच्या घरी पुस्तक वाचायची एकच रीत होती, पोथीची! त्यांनी पाट मांडला, लाल फडकं अंथरलं, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि आठ दिवसांचं पारायण लावलं. यमुना वाचणार आणि अख्खी आळी ऐकणार. चोरीची गोष्ट हो ती, आणि तिच्यापुढे उदबत्ती!

मला बिचाऱ्याला याचा पत्ताच नाही. पुढच्या रविवारी दुपारी मी कपाटांना कुलपं लावत होतो, तोच दारात दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. पहिल्या गाडीतून तात्या उतरले, डोक्यावर लाल फडक्यात पुस्तक. मागे यमुना. तिच्यामागे तिची गंगूआत्या, पोटाशी झाकलेलं पातेलं धरून. आणि दुसऱ्या गाडीतून नि मागून पायी सगळी आळी.

"मास्तर, आज समाप्ती," तात्या म्हणाले. "आन् शेवटची सोळा पानं नायत."

पुस्तक देण्याआधी पानं मोजायचं काम माझंच होतं.

"शेवटाबिगर आरती नाय, आरतीबिगर परसाद नाय," आत्या म्हणाली. "घरोघरची रेशनची साखर गोळा करून शिरा केलाय. पारायन अर्धं ठेवलं तर आळीला बाधंल. चोर कोन तेवढं सांगा, म्हंजे हितंच समाप्ती करतो."

"तुमी तीनदा वाचलंय. बोला!" तात्या म्हणाले.

तीस माणसं जमिनीवर मांडी घालून, हात जोडून बसली. माझ्यापुढे हात जोडून! मला फक्त पहिलं पान आठवत होतं, आणि पहिल्या पानावर एक दिवाणजी होता.

"दिवाणजी," मी म्हणालो.

"आँ? त्यो तर तिसऱ्या दिवशी मेला!" आत्या ओरडली. "आमी निस्तं सुतक धरायचं ठेवलं व्हतं!"

"म्हणजे... दिवाणजीवर संशय येतो. खरा चोर माळी."

"माळी पांगळा हाय, मास्तर. खाटंवरनं हालत नाय त्यो."

आता घाम फुटला. "अहो, मग धाकटा भाऊच की!"

"कुनाचा भाऊ?"

"इनामदाराचा."

तात्या सावकाश उठले. "इनामदार एकुलता एक हाय, मास्तर. खरं सांगा, तुमी ह्ये पुस्तक वाचलंय का नाय?"

मी यमुनेकडे बघितलं. तिनं पदर मुठीत घट्ट धरला होता. माझी अब्रू जाणार ती जाणार, पण माझ्या थापेपायी या पोरीची पुस्तकं कायमची बंद होणार, हे दिसत होतं. मला खरोखर रडू येऊ लागलं.

आणि यमुना खुदकन हसली.

"तात्या, तुमाला कळत कसं नाय? मास्तर मुद्दाम चुकीचं सांगतायत. आमी नीट ऐकलं का नाय त्ये बघतायत. व्हय ना मास्तर?"

"ह... होय तर!" मी म्हणालो. "मग तूच सांग बघू, यमुने."

"चोर सोता इनामदार! चोरीच्या आदल्या दिवशी त्यानं पेटीच्या खोलीचं कुलूप बदललं. पारायनाच्या दुसऱ्या दिवशी वाचलं नाय का आपन? नव्या कुलपाची किल्ली एकट्या त्याच्याच कमरंला. मग आत जानार कोन? पेटी देवळाला द्यायचा नवस बोलला व्हता, ती द्यायची नव्हती म्हनून लपवली."

"देवाला फशिवतो मेला!" आत्या कडाडली. "मला त्याचे डोळंच पटले नव्हते!"

सगळी आळी माना डोलवू लागली. तात्या माझ्याकडे वळले. "बरुबर हाय, मास्तर?"

"शब्द न् शब्द बरोबर!" मी म्हणालो. खरा शेवट काय होता, देव जाणे. मला त्या वेळी इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तात्यांच्याच पाया पडायचा बाकी राहिलो. कपाटांसमोर आरती झाली, शिरा वाटला गेला, आणि इतका गोड शिरा मी त्यानंतर खाल्लेला नाही.

"पुस्तक चांगलं हाय," तात्या हात धूत म्हणाले. "लबाडी उघडी पडती त्यात. पोरीला दर रविवारी येक देत जावा."

यमुनेचे डोळे असे चमकले! मी उत्साहानं भिंतीवरच्या यादीकडे वळलो.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती हळूच म्हणाली. "माझं मी बघते."

तिनं कपाट धुंडाळून स्वतःसाठी एक पुस्तक काढलं. मग खालच्या फळीवरचं एक पातळसं काढून माझ्या हातात ठेवलं. "ह्ये तुमाला. मोठा टाईप हाय. पुढच्या रविवारी इचारनार हाय मी, हां!"

आणि विचारलंन हो! पाच प्रश्न विचारले. माझे दोन चुकले, म्हणून तेच पुस्तक मला आणखी आठ दिवस वाचायला लावलं.